यान चंद्रावर, कोथरूडला काय?

सकाळी सातच्या सुमारास कर्वे पुतळ्यापाशी कंपनीच्या बसची वाट पाहणारे इंजिनिअर कोथरूडला नवे नाहीत. कुणी चाकणला निघालेला असतो, कुणी भोसरीला. अंतराळाशी तुमचा काय संबंध, असे विचारले तर २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा टीव्हीसमोर वाजवलेल्या टाळ्या आठवतील. संबंध त्याहून जवळचा आहे. मात्र तो सांगताना बरेच गैरसमज मध्ये येतात.

गैरसमज : टेफ्लॉन आणि वेल्क्रो ही अंतराळ मोहिमांची देणगी आहे.

वस्तुस्थिती : टेफ्लॉन १९३८मध्ये ड्यूपाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडले. वेल्क्रो सुचले स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल यांना, कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळे पाहून. त्याचे पेटंट १९५५चे. नासाची स्थापनाच १९५८ची. तिने या वस्तू वापरल्या आणि त्यांचे नाव झाले, एवढेच. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे नाते मात्र खरे आहे. यानावरचा कॅमेरा लहान हवा, वीज कमी खाणारा हवा, म्हणून १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांनी सीमॉस सेन्सर विकसित केला. आजच्या मोबाइलमधले सेन्सर त्याच वाटेने आले.

गैरसमज : फायदा मोजायचा तो अशा वस्तूंमध्ये.

वस्तुस्थिती : इंजिनिअरिंगला मिळालेली मोठी कमाई म्हणजे कामाची पद्धत. गाडीच्या सांगाड्याचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर किती ताण येतो, हे संगणकावर काढणारा ‘नॅस्ट्रान’ हा प्रोग्राम पुण्याच्या डिझाइन विभागांत रोजच्या वापरातला. तो नासाने १९६०च्या दशकात यानांच्या रचनेसाठी करवून घेतला. नावातला ‘नॅ’ नासाचाच. कोणता भाग कसा निकामी होईल आणि झाला तर काय बिघडेल, याचा आधीच तक्ता मांडणारी ‘एफएमईए’ ही रीत मूळची अमेरिकी लष्कराची, १९४९मधली. अपोलोच्या काळात नासाने ती कसून वापरली, १९७०च्या दशकात ती मोटार कारखान्यांत आली. आज पुण्यात सुट्या भागांचा पुरवठादारही हा तक्ता भरल्याशिवाय सुटत नाही.

गैरसमज : यानात सगळे नव्यात नवे असते.

वस्तुस्थिती : २०२१मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’चा मुख्य प्रोसेसर १९९०च्या दशकाअखेरीस घरगुती संगणकांत असलेल्या चिपचा, किरणोत्सर्ग सोसेल असा घडवलेला अवतार आहे. वेग जेमतेम २०० मेगाहर्ट्झ. तिथे दुरुस्तीला मेकॅनिक जाणार नाही, म्हणून वेगापेक्षा खात्री मोलाची. उपग्रहही उड्डाणाआधी कंपनयंत्रावर हलवतात, निर्वात कक्षात तापवतात, गारठवतात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये वाहनांची परीक्षा होते तीही याच न्यायाने: मोडायचे ते इथे मोडू दे, रस्त्यावर नको.

गैरसमज : हे काम बंगळूरु आणि श्रीहरिकोट्याचे, आपण फक्त पाहायचे.

वस्तुस्थिती : चंद्रयान-३ उचलणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन ‘एस-२००’ बूस्टर होते, प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन. त्यांच्या ३.२ मीटर व्यासाच्या पोलादी कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने घडवले. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणाऱ्या गावाला जोडकामात रॉकेटला लागणारी अचूकता साधावी लागली, हीच इंजिनिअरिंगची प्रगती. आणि २२ जून २०१६ला पीएसएलव्ही-सी३४ने सोडलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह शिवाजीनगरच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा. त्याला दिशा धरायला मोटार नव्हती. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी जुळणाऱ्या चुंबकावर भागवले होते. वीज कमी, जागा कमी, मग युक्ती जास्त.

गैरसमज : यान पडले म्हणजे पैसे पाण्यात.

वस्तुस्थिती : ७ सप्टेंबर २०१९ला चंद्रयान-२चा लँडर कोसळला. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त लागला, चुका साठत गेल्या आणि त्या सावरायला लागणारा वळण्याचा वेग सॉफ्टवेअरच्या मर्यादेत बसला नाही. उतरायची जागाही ५०० मीटर लांब-रुंद, म्हणजे हलायला वावच नव्हता. पुढच्या खेपेला तीच जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाली. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले, वेग मोजायला लेसरचे उपकरण बसवले. यान कसे यशस्वी होईल यापेक्षा काय काय बिघडू शकते, तरीही ते कसे उतरेल, असा उलटा विचार करून चंद्रयान-३ रचले गेले.

चाकणच्या बसमध्ये बसलेल्या कोथरूडच्या इंजिनिअरला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. त्याच्या एफएमईए तक्त्यातला एक रकाना हाच तर विचारतो: हा भाग कसा मोडेल?