दिव्याखालचा अंधार

वर्गात सहज करून पाहता येईल अशा एका कोड्यापासून सुरुवात करू. आपल्याजवळ तीन भांडी आहेत. पहिल्यात २१, दुसऱ्यात १२७ आणि तिसऱ्यात ३ मापे पाणी मावते. पाणी हवे तितके आहे, पण भांड्यांवर खुणा नाहीत. बरोबर १०० मापे पाणी कसे मोजाल?

थोड्या खटपटीनंतर उत्तर सापडते. दुसरे भांडे काठोकाठ भरायचे. त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून घ्यायचे. १२७ − २१ − ३ − ३ = १००. याच रीतीने सुटणारी आणखी चार-पाच उदाहरणे मुलांना द्या आणि मग भांडी बदला : २३, ४९ आणि ३. हवे आहेत २०. बहुतेक मुले घाईघाईने ४९ − २३ − ३ − ३ असे लिहितील. उत्तर बरोबरच आहे. पण २३ − ३ एवढ्याने काम भागत होते!

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेले हे प्रयोग आहेत. ज्यांना शेवटचे कोडे थेट दिले, त्यांना सोपी वाट लगेच दिसली. ज्यांचा हात आधी लांब वाटेवर बसला होता, त्यांतील बहुतेकांना ती दिसली नाही. पुढे त्याने २८, ७६ आणि ३ या भांड्यांतून २५ मापे मागितली. इथे जुनी रीत चालतच नाही, २८ − ३ हेच उत्तर. तरीही सरावलेल्यांपैकी अनेकजण अडून बसले. त्यांची बुद्धी कमी नव्हती. कालपर्यंत यश देणारी रीतच त्यांच्या आड आली होती.

तज्ज्ञही याला अपवाद नाहीत. बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या संशोधकांनी २००८ साली बुद्धिबळाच्या निपुण खेळाडूंना एक डाव दिला. त्यात मात करण्याचा एक ओळखीचा मार्ग होता आणि दुसरा, अनोळखी पण कमी चालींचा. ओळखीचा मार्ग दिसल्यावर खेळाडू म्हणत, ‘आता याहून चांगला शोधतो आहे.’ त्यांच्या नजरेची नोंद मात्र वेगळेच सांगत होती. त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या मार्गातील घरांवरच जात होते. आपण शोधतो आहोत असे त्यांना मनापासून वाटत होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

वरच्या खुर्चीतील माणूस

आता भांडी आणि पट बाजूला ठेवून कार्यालयात येऊ. एखादा उत्तम शिक्षक मुख्याध्यापक होतो, कुशल अभियंता कारखान्याचा व्यवस्थापक होतो. प्रत्येक काम स्वतः चोख करणे ही त्यांची यशाची रीत. पण चाळीस माणसांकडून काम करून घेताना तीच रीत गळ्याशी येते. प्रत्येक कागद त्यांच्याच टेबलावर थांबतो, सहकारी विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, आणि ‘इतके राबूनही काहीच पुढे सरकत नाही’ अशी भावना घर करते. खालचे लोक स्पष्ट बोलत नाहीत, वरच्यांना केवळ आकडे हवे असतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशा माणसांसाठी गेल्या काही दशकांत ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’ नावाची पद्धत रूढ झाली आहे. कोचिंग म्हटले की आपल्याकडे शिकवणीचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीला त्या गावाचे नाव मिळाले. आपल्या रेल्वेचा ‘कोच’ तिथूनच आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकाला विनोदाने ‘कोच’ म्हणू लागले. मग हा शब्द मैदानावर गेला आणि तिथून कार्यालयात आला.

मैदानावरचा कोच खेळाडूपेक्षा चांगला खेळतो असे नाही. पण खेळाडूला स्वतःचा खेळ बाहेरून दिसत नाही, तो त्याला दिसतो. २००१ साली एरिक श्मिट गूगलचे प्रमुख झाले, तेव्हा संचालक मंडळातील जॉन डोर यांनी त्यांना कोच घेण्याचा सल्ला दिला. श्मिट यांना तो रुचला नाही. मुरलेल्या प्रमुखाला कोच कशाला? अखेर ते बिल कॅम्पबेल यांच्याकडे गेले. कॅम्पबेल पूर्वी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. ते श्मिट यांच्या बैठकांना बसत आणि माणसे एकमेकांशी कशी वागतात हे पाहत. आपल्याला मिळालेला हाच सर्वांत चांगला सल्ला, असे श्मिट यांनी पुढे सांगितले.

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी

सर्वांत बोलके उदाहरण एका शल्यविशारदाचे आहे. अतुल गावंडे हे बॉस्टनचे शल्यविशारद; त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. आठ वर्षांच्या अनुभवानंतर आपली प्रगती थांबली आहे असे त्यांना जाणवले. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण आधी दरवर्षी कमी होत गेले होते, ते आता एका जागी स्थिरावले होते. त्यांनी आपले निवृत्त गुरू रॉबर्ट ऑस्टिन यांना विनंती केली : माझी शस्त्रक्रिया नुसती पाहा. हा अनुभव त्यांनी २०११ साली लिहून प्रसिद्ध केला.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची ती शस्त्रक्रिया होती आणि गावंडे यांच्या मते ती छान पार पडली. ऑस्टिन यांच्या हातात मात्र टिपणांनी भरलेला कागद होता. रुग्णावरची चादर गावंडे यांच्या सोयीने लावली होती, त्यामुळे समोरच्या सहायकाच्या हालचालीला अडथळा येत होता. गावंडे यांचे कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलले जात होते, आणि कोपर हवेत असताना हाताला अचूकता राहत नाही. शिवाय वरचा दिवा सरकून जखमेवरून बाजूला गेला होता. जवळजवळ अर्धा तास शस्त्रक्रिया केवळ परावर्तित प्रकाशात चालली होती आणि ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते!

यांपैकी एकही गोष्ट पुस्तकात शोधण्यासारखी नव्हती. कोपर खाली ठेवावे हे गावंडे स्वतःच विद्यार्थ्यांना सांगत असतील. पण जाणणे वेगळे आणि आपल्याच हातून काय घडते आहे ते दिसणे वेगळे. नंतर गुंतागुंत कमी झाल्याचे त्यांनी नमूद केले. तो योगायोग नाही हे ठरवायला अजून अवधी हवा, असेही प्रांजळपणे सांगितले.

प्रश्न कोणते विचारायचे?

प्रत्येक कोचला कामाच्या जागी बसता येतेच असे नाही. पुष्कळदा सारे काम संवादातून होते. जॉन व्हिटमोर यांनी १९९२च्या पुस्तकातून प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निश्चय. समजा, एक मुख्याध्यापिका म्हणतात, ‘माझे सहकारी जबाबदारी घेत नाहीत.’ कोच उपदेश करत नाही. तो विचारतो : तीन महिन्यांनी नेमके काय बदललेले दिसायला हवे? गेल्या आठवड्यात कोणते दहा निर्णय तुमच्याकडे आले? त्यांपैकी किती दुसऱ्या कोणी घेतले असते तर बिघडले असते? मागे कोणी स्वतः निर्णय घेतला, तेव्हा तुम्ही काय केलेत?

बहुधा शेवटच्या प्रश्नाशी बाई थबकतात. ‘मी तो बदलला,’ असे उत्तर त्यांच्याच तोंडून येते. मग पुढच्या आठवड्यात कोणता एक निर्णय कोणाकडे सोपवायचा, हेही त्याच ठरवतात. लुचिन्सने काही जणांना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असे लिहायला लावले होते. तेवढ्यानेही त्यांतील अनेकांना सोपी वाट दिसली. कोचचा प्रश्न साधारण तेच काम करतो.

पुरावा काय?

इथे वैज्ञानिक सावधगिरी हवी. माणूस कोचकडे जातो तो परिस्थिती अगदी बिघडल्यावर. वाईट काळ पुष्कळदा आपोआपही सरतो आणि श्रेय मात्र कोचला मिळते. म्हणून कोच न मिळालेल्या गटाशी तुलना हवी. थीबूम आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १८ अभ्यास एकत्र तपासले. काम, मनःस्वास्थ्य, ताणाशी जुळवून घेणे, ध्येयाच्या दिशेने स्वतःला आवरणे, या साऱ्यांत सरासरीने सुधारणा दिसली. मात्र अशा अभ्यासांतील बरीचशी मोजणी लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर असते. शिक्षकांच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ६० अभ्यास तपासले, तेव्हा कोचिंगमुळे अध्यापन स्पष्टपणे सुधारलेले आढळले आणि मुलांची संपादणूकही थोडी वाढली. मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या योजनांत मात्र परिणाम ओसरलेला दिसला.

मर्यादाही आहेत. शाळेत शिक्षकांची पदेच रिकामी असतील, तर मुख्याध्यापकांना प्रश्न विचारून ती भरत नाहीत. झोप उडाली असेल, जगण्यातला रसच गेला असेल, तर डॉक्टरकडे जायला हवे. आणि पाहणारी व्यक्ती गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी. तपासणीला कोणी आले की आपण उणिवा झाकतो; कोचसमोर त्या उघड्या करायच्या असतात.

आम्ही हे स्वतःवर करून पाहिले आहे. आमच्या संशोधन गटाच्या साप्ताहिक बैठकीत विद्यार्थी गप्प बसत आणि दोष आम्ही त्यांना देत असू. एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्याला नुसते मागे बसायला सांगितले. बैठक संपल्यावर त्यांनी वहीतला आकडा दाखवला : साठ मिनिटांपैकी ४१ मिनिटे आम्हीच बोललो होतो. त्यांनी सल्ला दिला नाही, आणि गरजही उरली नाही. पुढच्या बैठकीत पहिली वीस मिनिटे तोंड मिटून बसणे हा आमच्या आयुष्यातील एक अवघड प्रयोग ठरला! अकराव्या मिनिटाला एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, मला वाटते आपले उपकरण नाही, नमुनाच खराब आहे.’ ते खरे निघाले. ती हे दोन महिन्यांपासून सांगू पाहत होती.

यासाठी पैसे मोजून कोच आणलाच पाहिजे असे नाही. विश्वासातील एका सहकाऱ्याला आपल्या तासाला किंवा बैठकीला बोलवा. त्याला एकच गोष्ट मोजायला सांगा : प्रश्न विचारून आपण किती सेकंद थांबतो, कोणत्या बाकांकडे पाहतो, किती वेळ बोलतो. नंतर त्याच्या तासाला आपण बसा. एकमेकांना गुण देऊ नका, फक्त जे दिसले ते सांगा. दिवा सरकला आहे एवढे कळले, तरी तो जागेवर आणायला आपला हात पुरेसा असतो.