सामाईक घर आणि एकट्याची सही

संस्थानी चाकरीच्या निमित्ताने आपले पूर्वज इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आले, स्थिरावले आणि त्यांनी वाडे बांधले. वाडा बांधला एकाने. आज त्याचे हिस्सेदार दहा-बारा असतात आणि त्यांतले निम्मे परगावी. घरपट्टी मात्र अद्याप आजोबांच्याच नावे भरली जाते. अशा घराच्या दारी एके दिवशी कोणी अपरिचित गृहस्थ खरेदीखत घेऊन उभा राहतो आणि सांगतो, "तुमच्या पुतण्याने घर मला विकले आहे." आयुष्य जेथे गेले ते माजघर आता सोडावे लागणार, या धास्तीने वृद्ध माणसे खचून जातात. ही धास्ती पुष्कळदा अज्ञानातून येते. म्हणून या बाबतीत कायदा काय सांगतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिले तत्त्व असे की, ज्याचे जेवढे, तेवढेच त्याला विकता येते. चौथ्या हिश्श्याच्या मालकाने सबंध घराचे खरेदीखत करून दिले, त्याची नोंदणीही झाली, तरी खरेदीदाराच्या पदरी फार तर तो चौथा हिस्साच पडतो. विकणाऱ्यापाशी नसलेला हक्क नोंदणीने निर्माण होत नाही. घरपट्टीच्या दप्तरात नाव चढले एवढ्याने कोणी मालक ठरत नाही. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. स्वतःचा हिस्सा विकण्यास सहहिस्सेदाराला सामान्यतः इतरांची संमती लागत नाही. आणि एकत्र हिंदू कुटुंबाच्या कर्त्याने कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी केलेली विक्री इतरांवरही बंधनकारक होऊ शकते. तेव्हा 'आम्हांला विचारले नाही, म्हणून सारा व्यवहार रद्द' ही समजूत बरोबर नाही.

मग कुटुंबाला आधार कोणता? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ हा तो आधार होय. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात कुटुंबीयांसह ताबा वा वहिवाट मागता येत नाही. त्याने न्यायालयात वाटपाचा दावा करावा, हाच त्याला मार्ग. हे संरक्षण केवळ हिंदू कुटुंबांपुरते नाही. १९९० साली एका पारशी कुटुंबाच्या घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि परक्या खरेदीदारांना ताब्यापासून दूर ठेवले. मात्र घराची रीतसर वाटणी होऊन प्रत्येकाचा भाग वेगळा झाला असेल, तर हे कलम उपयोगी पडत नाही.

त्या परक्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३ च्या विभाजन अधिनियमाचे कलम ४ कुटुंबाच्या मदतीस येते. कोणाही हिस्सेदार कुटुंबीयाने तो हिस्सा विकत घेण्याची हमी दिल्यास न्यायालय त्याची किंमत ठरवते आणि हिस्सा त्याला देवविते. विक्री होण्यापूर्वीही एक हक्क आहे. मृत्युपत्राविना निधन पावलेल्या व्यक्तीची मिळकत वर्ग एकच्या वारसांकडे आली आणि त्यांतील एक जण आपला हिस्सा विकू लागला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. किमतीवर एकमत न झाल्यास ती न्यायालय ठरवते.

या साऱ्यात भगिनींचा विसर पडू नये. स्त्री वारसास राहत्या घराची वाटणी मागण्यास आडवे येणारे कलम २३ हे २००५ साली काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत कन्येला पुत्राइतका हक्क मिळाला, आणि तो जन्मतःच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले विक्रीव्यवहार मात्र त्यामुळे बाधित होत नाहीत.

प्रसंग ओढवल्यास रागाच्या भरात कुलूप तोडू नये, तसेच स्वस्थही बसू नये. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल मिळवावी आणि विकला गेला तो हिस्सा की सबंध घर, हे पाहावे. आपली सही नसलेल्या दस्ताविषयी तो आपल्यावर बंधनकारक नाही असे ठरवून मागावे. सोबत मनाईहुकूम व गरजेप्रमाणे वाटप मागावे. यांस मुदती आहेत, म्हणून वकिलाचा सल्ला त्वरित घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. न वाचता कुलमुखत्यारपत्र देऊ नये. गोव्यातील वाचकांनी तेथील वेगळ्या नागरी कायद्याप्रमाणे सल्ला घ्यावा.

एक गोष्ट राहिली. हिस्सा विकणारा पुतण्या दर वेळी दुष्टच असतो असे नाही. मुलाचे शिक्षण, कर्ज, आजारपण अशा अडचणीत त्याला पैसा हवा असतो, आणि घरात त्याचे ऐकून घेण्यास कोणी तयार नसते. कायद्याने दिलेला अग्रहक्क पैसे मोजूनच बजावावा लागतो. तेव्हा गणपतीला वा घरच्या कार्याला सर्व जण एकत्र जमतील, त्या वेळी हिस्सेदारांची नावे कागदावर मांडावीत. ज्याला बाहेर पडावयाचे आहे त्याचा हिस्सा कोणी, कोणत्या किमतीस घ्यावा ते ठरवावे आणि वकिलाकरवी त्याचा रीतसर दस्त करावा. ज्या वृद्धेला उरलेले दिवस त्याच घरात काढावयाचे आहेत, तिच्यासाठी तरी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.