मोपा ते कळंगुट, बसने

मोपा विमानतळाच्या दारातून बाहेर पडतो न पडतो तोच एक जण आईच्या बॅगेला हात घालतो. "ताई, कळंगुट? बागा? काउंटरपेक्षा कमी घेतो." गाडी पलीकडे लावली आहे, जरा चालावं लागेल म्हणतो. "पाटी पिवळी आहे का?" मी विचारते. तो उत्तर न देता मागून येणाऱ्या कुटुंबाकडे वळतो.

भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं, विजेवरच्या टॅक्सीला हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी. तिने भाडं मारलं आणि वाटेत काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. एवढं तरी प्रत्येकाने बघून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण हा सौदा दमलेल्या माणसाशी, सामान हातात असताना, घाईघाईत होतो.

प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीपाशी रांग आहे. पुण्या-मुंबईची मंडळी सवयीने फोनवर ओला-उबर उघडतात आणि गोंधळतात. ती सेवा गोव्यात नाही. 2018 पासून गोवामाइल्सचं ॲप आहे, आणि इथल्या काउंटरवर पावती फाडून टॅक्सी मिळते. पावतीवर गाडीचा नंबर असतो, भाडं आधी ठरतं. रात्री उतरलो असतो तर मी बिनतक्रार तीच घेतली असती. पण आत्ता सकाळ आहे, आणि कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, विजेवरची वातानुकूलित बस समोर उभी आहे.

"म्हापसा?" कंडक्टर विचारतो आणि बॅगा ठेवायची जागा दाखवतो. यंत्रातून तिकीट निघतं. बसमध्ये विमानतळावर रात्रपाळी करून घरी निघालेल्या दोन मुली आहेत, बूट काढून पाय वर घेऊन बसलेल्या. त्यांना बघूनच आईच्या खांद्यावरचा ताण उतरतो. ज्या बसने इथल्या मुली रोज एकट्या जातात, तिच्याइतकी खात्रीची गाडी कुठली असणार!

धारगळला बस महामार्गाला लागते. 2023च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडू लागली, तेव्हापासून उत्तर गोव्याच्या किनाऱ्यांना हा विमानतळ जुन्या दाबोळी विमानतळापेक्षा सोयीचा झाला. कळंगुट इथून साधारण 35 किलोमीटर. कोलवाळचा पूल येतो, खाली शापोरा नदी, आणि थोड्याच वेळात म्हापसा.

आज शुक्रवार. म्हापशाचा बाजार भरलेला, आणि त्याचा अर्धा लोंढा बसस्टँडवर. "कळंगूट-बागा, कळंगूट-बागा!" दारात लोंबकळणारा पोरगा ओरडतोय. खाजगी बस आहे, लहान, खिडक्या उघड्या. आमच्या पुढे चढणाऱ्या बाईच्या पिशवीतून मयड्याची लांबलचक केळी डोकावतात. दुसरीच्या हातात चोरीसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, लालभडक माळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कागदाला तेल सुटलेलं. व्हिनेगर आणि मिरचीचा वास सगळ्या बसभर. "माय, हांगा बस," म्हणत एक म्हातारा आईला जागा करून देतो. पोरगा पत्र्यावर थाप मारतो, बस सुटते. आमच्या बॅगा ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर. फोन आणि पाकीट मात्र मी पुढे, पोटाशी धरलेल्या झोळीत ठेवलंय. गर्दीची बस ती गर्दीची बसच.

पन्नासच्या नोटेतून दोघींचं तिकीट काढून सुटे परत येतात. पर्रा येतं, दुतर्फा माडांचा तो रस्ता, ज्यांचं नाव विमानतळाला दिलं त्या मनोहर पर्रीकरांचं मूळ गाव. पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढताहेत, बस हॉर्न देत त्यांच्यामधून वाट काढते. पुढे नागवा, मग कळंगुट.

खरी काळजी घ्यायची ती इथून पुढे, शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला. किनाऱ्याकडच्या गल्ल्या अरुंद, एकसारख्या, आणि नावात 'बीच' असलेली रिसॉर्ट्स डझनभर. मी उतरल्याबरोबर रिसॉर्टला फोन लावते. "सर्कलपासून कुठल्या बाजूला? जवळची खूण कुठली?" उत्तर नीट ऐकते, फोन चालू ठेवूनच रिक्षावाल्याला सांगते, भाडं बसण्याआधी ठरवते. शेजारी एक कॉलेजची मुलगी पायलट करते आहे, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. पिवळ्या-काळ्या गाडीच्या पाटीचा फोटो काढून ती कुणाला तरी पाठवते, मग हेल्मेट मागून घेते आणि पट्टा लावूनच मागे बसते. पायलटवाला चिडत नाही, हसतो. रोजचंच असावं त्याला.

रिसॉर्टच्या काउंटरवरचा मुलगा वहीत आमची नावं लिहून घेतो. टॅक्सी केली नाही म्हटल्यावर चमकून बघतो, आणि आईला बसायला खुर्ची पुढे करतो.

"परतीचं विमान कितीचं?" तो विचारतो.

"पहाटेचं."

"मग बस धरू नका. आदल्या संध्याकाळी मला सांगा, पिवळ्या पाटीची गाडी ठरवून देतो, नंबर रात्रीच तुमच्या हातात." आई लगेच पर्समधून पेन काढते आणि तिकिटाच्या मागे त्याचा फोन नंबर लिहून घ्यायला लागते.