माकड, मगर आणि लोकांच्या समजुती

पंचतंत्राच्या ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात जांभळीवरच्या चतुर वानराची आणि त्याचे काळीज मागणाऱ्या मगरीची जी गोष्ट आहे, ती ठाऊक नसलेले घर मैंदर्गीसारख्या मराठी-कानडी सरहद्दीवरील गावात विरळाच सापडेल. परंतु त्या गोष्टीने मगरीच्या माथी मारलेले मूर्खपणाचे, अधाशीपणाचे आणि निष्ठुरपणाचे आरोप वस्तुस्थितीच्या चौकशीत टिकत नाहीत.

अधाशीपणाचेच पाहा. मगर आपल्या देहाची ऊब उन्हातून घेते. त्यामुळे तिला अन्न थोडे लागते आणि प्रसंगी ती महिनोन्महिने उपाशी राहू शकते. उलट, दक्षिणेकडील टोपीवाले माकड, ज्याच्या माथ्यावरचे केस चक्राकार पसरलेले असतात, आपली उष्णता स्वतःच निर्माण करीत असल्यामुळे दिवसाचा मोठा भाग चरण्यातच घालवते, हाती येईल ते गालांच्या पिशव्यांत कोंबते, आणि केवळ फलाहारी न राहता किडेही खाते. ते पाण्याला भिते, हाही भ्रमच; ते उत्तम पोहते.

काठावर जबडा वासून पडलेली मगर भक्ष्याची वाट पाहत असते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ती केवळ अंगातली उष्णता बाहेर टाकीत असते. काळीज मागणाऱ्या या प्राण्याचे स्वतःचे हृदय चार कप्प्यांचे असून, वंशाने तो सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळचा आहे.

मगर स्वतःची पिल्ले गिळते, हा आरोप मात्र सर्वांत अन्याय्य होय. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठावर खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते आणि सुमारे दोन महिने घरट्याची राखण करते. त्या मातीची ऊब ३१ अंशांपर्यंत राहिली तर माद्या निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास नर. आतून पिल्लांचा आवाज येताच ती माती उकरते, न फुटलेले अंडे जीभ आणि टाळू यांमध्ये धरून अलगद फोडते, आणि पिल्ले जबड्यात घेऊन पाण्यात सोडते. दुरून पाहणाऱ्यास हेच गिळणे वाटले असावे. एका वेळी एकच पिल्लू पोटाशी धरणाऱ्या माकडिणीच्या मायेचे कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांनी ही माया पाहिलीच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मैंदर्गीच्या मुलखातले पाणी भीमेतून पुढे कृष्णेला मिळते, आणि त्याच कृष्णेच्या काठी, सांगली-भिलवडीकडे, मगरी आजही नांदतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मगरीची नोंद आहे. तेव्हा नदीत ती दिसली तर धोंडे न मारता वनखात्यास वर्दी द्यावी, आणि विणीच्या दिवसांत त्या काठाला धुणे वा जनावरे नेऊ नयेत.