थोपवणारं रसायन नवजात मेंदूत उलटं का वागतं?

मागच्या भागात चेतापेशींना चेतवणाऱ्या ग्लूटामेटची ओळख झाली. आज पाळी त्यांना आवरणाऱ्या गॅबाची. मोठ्या माणसाच्या मेंदूत पेशींना शांत ठेवण्याचं मुख्य काम याच रसायनाकडे असतं. म्हणून फिटवरची बरीच औषधं गॅबाचा जोर वाढवतात. १९१२ पासून वापरात असलेलं फेनोबार्बिटल त्यातलंच, आणि नवजात बाळाला झटके आले की आजही आधी तेच दिलं जातं.

पण १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फेनोबार्बिटलने पुरते झटके थांबले ते फक्त ४३ टक्के बाळांचे. फेनिटॉइन हे दुसरं औषधही ४५ टक्क्यांवरच अडलं. असं का व्हावं?

या कोड्याचा एक धागा उंदरांच्या पिल्लांत सापडला होता. १९८९ मध्ये येहेझकेल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात गॅबा पेशींना थोपवत नाही, उलट चेतवतं. गॅबा पेशीवरचं क्लोराइडचं दार उघडतं, एवढंच. एसटीचं दार उघडल्यावर माणसं चढणार की उतरणार, हे गर्दी कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं, इथेही तसंच. प्रौढ पेशीत क्लोराइड कमी असतं, ते आत शिरतं आणि पेशी शांत होते. कोवळ्या पेशीत ते आधीच साठलेलं असतं, म्हणून दार उघडताच बाहेर पडतं आणि पेशी उत्तेजित होते.

हा साठा दोन प्रथिनांच्या हातात असतो. एनकेसीसी१ क्लोराइड आत ओढतं, केसीसी२ बाहेर काढतं. जन्माच्या सुमारास पहिल्याचा जोर जास्त आणि दुसरं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. शिवाय झटके चालू असताना पेशीत आणखी क्लोराइड साठत जातं, असंही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे झटके जितके लांबतील तितका गॅबाचा आवर सैल पडतो. उपचाराला उशीर का नको, याचं मला पटणारं सर्वांत ठोस कारण हेच.

याचा अर्थ फेनोबार्बिटल निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने २४ तास झटके रोखले ते ८० टक्के बाळांत, तर लेव्हेटिरासेटम या दुसऱ्या औषधाने २८ टक्क्यांत. कारण मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी पिकत नाहीत आणि जिवंत मेंदूत कोवळ्या पेशींवरही गॅबाचा काही प्रमाणात आवर असतोच.

मग एनकेसीसी१ रोखणारं ब्युमेटॅनाइड सोबत दिलं तर? कल्पना देखणी होती. पण युरोपातली चाचणी १४ बाळांनंतरच थांबवावी लागली. वाचलेल्या ११ पैकी तिघांना ऐकू कमी येत असल्याचं आढळलं. नंतर बोस्टनच्या एका छोट्या चाचणीत झटके कमी झाल्याचं दिसलं, तरी नेहमीच्या उपचारात ते आलेलं नाही, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. औषध दिल्यावर हातापायांचे झटके थांबतात, बाळ निवांत दिसतं, पण ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, फिट चालूच असते. उंदरांमध्ये दिसलेलं एक कारण असं, की मेंदूच्या खोल भागात क्लोराइड लवकर उतरतं, बाहेरच्या थरात उशिरा. औषध खाली लागू पडतं, वर नाही. त्यामुळे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) अशा बाळाच्या डोक्याला ईईजीच्या तारा लावलेल्या दिसल्या तर घाबरू नका. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणूनच त्या लावलेल्या असतात.

काही मोजक्या बाळांत अडचण वेगळीच असते. ग्लूटामेटपासून गॅबा बनायला बी६ जीवनसत्त्व लागतं. एका जनुकीय दोषामुळे ते निकामी होत राहतं, आणि नेहमीच्या औषधांना न बधणारे झटके बी६ दिल्यावर थांबतात. म्हणून झटके आटोक्यात येत नसतील, तर डॉक्टर बी६ही देऊन पाहतात.

घरच्यांना एक विनंती. बाळाचा हात थरथरत असेल तर तो हलकेच धरून पाहा. धरताच थरथर थांबली तर बहुधा ती फिट नसते. थांबली नाही, डोळे एका बाजूला वळले, ओठ उगाच चुरूचुरू हलले, पाय सायकल मारल्यासारखे फिरू लागले किंवा श्वास अडखळला, तर कांदा हुंगवत बसू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्या.