‘ऑक्सिजन’ नव्हे, साधी हवा! बचाव पथकाच्या पाठीवरची टाकी कशी भरतात, कशी जपतात?

बीड : धरणात किंवा विहिरीत कोणी बुडाले की ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून जवान पाण्यात उतरले’ हे वाक्य बातमीत हमखास येते. प्रत्यक्षात त्या टाकीत बहुतेक वेळा ऑक्सिजन नसतो. असते ती आपण रोज श्वासात घेतो तीच हवा, फक्त सुमारे २०० पट दाबून भरलेली. हा फरक केवळ शब्दांचा नाही. तो न कळल्यास जीवावर बेतू शकते.

बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. माजलगाव आणि मांजरा ही मोठी धरणे आणि उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी यांमुळे शोधकार्याची वेळ येतच असते. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या डॉक्टरचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातील एका जवानाला प्राण गमवावे लागले. पाण्याखालचे काम किती जोखमीचे असते, हे तेव्हा जिल्ह्याने जवळून पाहिले.

ऑक्सिजन का चालत नाही?
साधारण ६ मीटरपेक्षा खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन श्वासात गेला, तर फिट आल्यासारखे झटके येऊ शकतात. दुसरा धोका आगीचा. दाबाखालचा ऑक्सिजन तेल किंवा ग्रीसच्या संपर्कात आला की भडका उडू शकतो. म्हणून दवाखान्यातील ऑक्सिजन सिलिंडर घेऊन पाण्यात उतरण्याचा प्रयोग कधीच करू नये.

टाकीत हवा मावते किती?
गाडीच्या टायरमध्ये २ ते अडीच बार, तर पाणबुड्याच्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते. तिचे वजनच जवळपास ३ किलो भरते.

शांत माणसाला पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर ही टाकी २ तास पुरेल. मात्र १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि हवाही दुप्पट लागते. वर येण्यासाठी ५० बार राखून ठेवले, तर हाताशी जेमतेम ४५ मिनिटे उरतात. धडपड किंवा भीतीने श्वास वाढला, तर त्याहूनही कमी.

अग्निशमन जवानांच्या श्वसन संचात ३०० बारपर्यंतच्या टाक्या असतात. पेंटबॉलची बंदूक आणि नेमबाजीतील १० मीटर एअर रायफल यांनाही दाबाच्या हवेची छोटी टाकी लागते. पेंटबॉलच्या टाक्या ३,००० किंवा ४,५०० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे २०० ते ३१० बारच्या असतात. आकार लहान असला तरी धोका त्याच जातीचा.

पंक्चरच्या दुकानात का भरता येत नाही?
तिथला कॉम्प्रेसर साधारण ८ ते १० बारपर्यंत जातो. शिवाय त्याच्या हवेत तेलाचा अंश आणि ओलावा असतो. श्वासाच्या हवेसाठी टप्प्याटप्प्याने दाब वाढवणारा खास कॉम्प्रेसर लागतो. त्यात पाणी वेगळे काढण्याची सोय आणि तेल, वास शोषणारे फिल्टर असतात. हे फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावेच लागतात.

हवा आत कुठून येते, हेही महत्त्वाचे. डिझेल इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरमध्ये ओढला गेला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट टाकीत जातो. या वायूला रंग नाही, वास नाही. पाण्याखालच्या माणसाला काही कळण्याआधीच तो बेशुद्ध पडू शकतो.

सावकाश भरणे का गरजेचे?
घाईने भरल्यास टाकी तापते. ६० अंशांवर काटा २०० बार दाखवत असला, तरी टाकी २५ अंशांवर आली की तोच काटा १८० च्या खाली येतो. म्हणजे जवान कमी हवा घेऊन उतरतो. उलट प्रकार उन्हाळ्यात होतो. २५ अंशांवर २०० बार भरलेली टाकी बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापली, तर दाब २२५ बारच्या पुढे जातो. त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात भरलेली टाकी गाडीत सोडू नये.

टाकीची ‘जन्मपत्रिका’ कुठे असते?
धातूच्या टाकीच्या खांद्यावर क्रमांक, कामाचा दाब आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. कार्बन फायबरच्या टाकीवर ती लेबलवर असते आणि अशा टाकीला वापराची ठरावीक मुदतही असते. देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू असून, त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था पाहते. चाचणीची मुदत संपलेली टाकी भरता येत नाही.

ही चाचणी म्हणजे हायड्रो टेस्ट. टाकीत पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून अधिक दाब दिला जातो. पाणी दाबले जात नसल्याने टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. शिवाय पाणबुड्यांच्या टाक्या वर्षातून एकदा आतून पाहून घेण्याची पद्धत आहे. लोखंडी टाकीत गंज चढला, तर तो भिंत पातळ करतोच, शिवाय आतल्या हवेतील ऑक्सिजनही खातो. ओल्या टाकीत अनेक महिने पडून राहिलेली हवा म्हणूनच भरवशाची नसते.

लक्षात ठेवा
• टाकी पूर्ण रिकामी करू नका. थोडा दाब राहिला की ओलावा आत शिरत नाही.
• व्हॉल्व्ह आणि आट्यांना गाडीचे तेल किंवा ग्रीस लावू नका.
• खोल ओरखडा, पोचा, सुटलेले धागे किंवा आगीची झळ दिसली, तर टाकी बाजूला ठेवून अधिकृत केंद्रात तपासून घ्या.
• टाकीला वेल्डिंग करू नका, रंग वाळवण्यासाठी भट्टीत घालू नका.
• दाब असताना व्हॉल्व्ह खोलण्याचा प्रयत्न करू नका.
• वाहतुकीत टाकी घट्ट बांधा. व्हॉल्व्ह तुटला, तर ती गोळीसारखी सुटते.

दुर्घटना घडली की आधी धावून जातात ते गावातील पोहणारे आणि मच्छीमार. मिळेल ती टाकी पाठीला लावण्याचा मोह तेव्हा होतो. टाकीत काय भरले आहे, ती कुठे भरली आणि शेवटची चाचणी कधी झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर ती पाठीवर घेऊ नये आणि प्रशिक्षित पथकाची वाट पाहावी.