बेडी झुगारणारा विषाणू

रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून चेतातंतूंच्या वाटेनं मेंदू गाठतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मेंदूची जोडणी शोधणाऱ्यांना भावली ती त्याची एक खोड: पेशीतून पेशीत जाताना तो संदेशाच्या उलट दिशेनं जातो, संदेश घेणारीकडून देणारीकडे. गाब्रिएला उगोलिनी यांनी १९९५ मध्ये या खोडीचा उपयोग उंदरांमध्ये करून दाखवला. पण तो विषाणू थांबतच नसे. विषाणू पोहोचल्यानं रंगलेली पेशी पहिल्या पायरीची की दुसऱ्या, हे वेळेच्या हिशेबावरून ठरवावं लागे. २००७ मध्ये इयन विकरशॅम, एडवर्ड कॅलवे आणि सहकाऱ्यांनी त्याला एकाच पायरीवर अडवलं. वेष्टनातल्या ‘जी’ प्रथिनाचं जनुक काढून टाकलं की विषाणू पेशीत वाढतो, पण पुढे सरकत नाही. हे प्रथिन निवडक पेशींनाच वेगळं पुरवायचं, म्हणजे तिथून तो एक उडी घेतो आणि पुढच्या पेशीत अडकतो.

उरली एक अडचण. या विषाणूनं शिरकाव केलेल्या पेशी काही आठवड्यांत मरू लागतात, त्यामुळे नकाशा मिळाला तरी त्या पेशींचं काम दीर्घकाळ पाहता येत नाही. २०१७ मध्ये केंब्रिजच्या मार्को त्रिपोदी यांच्या गटानं उपाय जाहीर केला: विषाणूच्या एका अत्यावश्यक प्रथिनाला असं शेपूट जोडायचं की पेशी ते प्रथिन स्वतःच नष्ट करील आणि विषाणू गप्प पडेल. खरा वाद इथून सुरू होतो. विकरशॅम यांच्या गटानं त्या प्रयोगशाळेकडून आलेल्या नमुन्यांचा जनुकीय क्रम वाचला, तर बहुतांश कणांत शेपटाच्या अलीकडेच ‘थांबा’ असा संकेत उमटलेला. विषाणूनं बेडी झुगारली होती. उरला होता जुनाच, पेशीमारक विषाणू. यात नवल नाही. प्रयोगशाळेत विषाणू वाढवताना ज्याचं शेपूट गळालं तो इतरांपेक्षा जोमानं वाढणार, हे डार्विन वाचलेल्या कुणालाही सांगता यावं. चकित करते ती, हे आधी तपासण्याची निकड न वाटण्याची गोष्ट.

टीकाकार स्वतःच प्रतिस्पर्धी साधनाचे जनक, असा आक्षेप घेता येतो, आणि तो खराही आहे: विकरशॅम यांच्याच गटानं २०१८ मध्ये दोन जनुकं काढलेला, पेशींना न मारणारा विषाणू पुढे आणला होता. पण जनुकीय क्रमाला हेतू नसतो. तो कुणीही पुन्हा वाचू शकतो. त्रिपोदींच्या गटाचं २०२३ मधलं उत्तर मला म्हणूनच अधिक मोलाचं वाटतं. काळजीपूर्वक, कमी पिढ्यांत वाढवलेल्या विषाणूत शेपूट टिकतं, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. म्हणजे भांडण विषाणूच्या आराखड्यावरून त्याच्या खेपेवर आलं. एकाच नावाच्या दोन कुप्यांत दोन वेगळे विषाणू असू शकतात, आणि शोधनिबंधात छापलं जातं ते फक्त नाव.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं २०२४ मध्ये फळमाशीच्या आख्ख्या मेंदूची, सुमारे १,३९,००० चेतापेशींची जोडणी उलगडली; मग विषाणूची कटकट हवीच कशाला, असंही विचारता येईल. तो नकाशा मेलेल्या मेंदूच्या कापांचा आहे. जिवंत उंदराच्या मेंदूत नेमक्या जोडलेल्या पेशी निवडून त्यांचं काम पाहायचं तर विषाणू लागतो. तरीही त्याचा नकाशा एकतर्फी वाचावा लागतो: रंगलेली पेशी पुरावा देते, न रंगलेली काहीच सिद्ध करत नाही, कारण विषाणू सगळ्याच सांध्यांवरून पलीकडे जात नाही. आणि रंगलेल्या पेशीच्या पुराव्यावर विसंबायचं तर कुपीत नेमका कोणता विषाणू होता, हे कळायला हवं. म्हणून अशा प्रत्येक निबंधासोबत वापरलेल्या खेपेचा जनुकीय क्रम छापणं बंधनकारक व्हायला हवं.